माझ्या हाताचं पीठ

आधी माफी मागते. माझं अक्षर पहिल्यापासून वाकडं, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलेच नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे पेन्सिल हातात आली ती किराण्याची यादी करण्यापुरती. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहिते, कारण खाली बसले की गुडघे पुन्हा उठू देत नाहीत. चुकून ही वही कोणाच्या हाती पडलीच, तर शब्द चुकलेला दिसेल तिथे खुशाल हसा, पण पुढे वाचा. माझं शुद्धलेखन चुकेल. जे बघितलं ते मात्र मी डोळा लावून बघितलेलं आहे.

भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती. दहा खोल्या, वर पत्रे, समोर एकच लांब पडवी. आमची खोली सहावी. बाबांची गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन म्हणून उभे राहायला लागले, आणि पगार निम्म्यावर आला. तेव्हा आईने आंबोळ्या सुरू केल्या. आम्ही मालवणकडचे, आंबोळी हा आमच्या घरचा सणाचाही आणि रोजचाही पदार्थ. तांदूळ, उडदाची डाळ आणि चिमूटभर मेथी सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी वाटायची, पीठ रातभर झाकून ठेवायचं आणि सकाळी बिडाच्या तव्यावर घालायचं. सोबत काळ्या वाटाण्यांची सांबारी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार, शाळेतल्या शिपाईमावशी, रिक्षावाले अशी आमची गिऱ्हाइकं. आठ वाजेपर्यंत सगळं संपून तवा निवलेला असायचा.

रगडा आई ओढायची. मोठा दगडी रगडा होता, गावाहून ट्रकमध्ये घालून आणलेला. त्याची घरघर सुरू झाली की शेजारच्यांना रेडिओ मोठा करावा लागायचा. पीठ मळणं मात्र अकराव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. मळणं म्हणजे चपातीच्या कणकेसारखं नव्हे. वाटलेलं पीठ मोठ्या टोपात काढून, मीठ घालून, त्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि एकाच बाजूने गोल गोल फिरवत राहायचं. पीठ आधी जड लागतं, मग हळूहळू हलकं होतं, हाताला रेशमासारखं लागायला लागतं. सकाळी आई झाकण काढायची आणि टोपाला कान लावायची. चांगलं फुगलेलं पीठ बारीक चुरचुरतं. खरंच सांगते, अगदी कान लावला तर ऐकू येतं. मग आई म्हणायची, "जागा झाला गो पीठ." आणि आंबूस, गोडसर असा वास खोलीभर पसरायचा. अजूनही मला कोणी विचारलं की तुझ्या माहेरचा वास कोणता, तर मी तोच सांगेन.

विकायला मात्र मी कधी पुढे गेले नाही. मी फार लाजरी. आई दाराशी बसून आंबोळ्या द्यायची आणि मी पडद्यामागे तव्यापाशी. चाळीतल्या निम्म्या लोकांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. परबीण काकी तर माझ्याकडे बोट करून सगळ्यांदेखत म्हणायची, "ह्या चेडवाक तोंड असा की नाय, ता लग्नात सप्तपदीक कळताला." ही परबीण काकी आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. वयाने सगळ्यांत मोठी, कुंकू रुपयाएवढं. चाळीतली पूजा असो, डोहाळजेवण असो की कोणाच्या लोणच्याला बुरशी येवो, तिचा शब्द शेवटचा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता चाळीत काविळीची साथ आली. पहिले आजारी पडले ते आमचे बाबा. डोळे हळदीसारखे झाले, अन्नावरची वासनाच गेली. कामावर खाडे पडायला लागले. मग पालिकेच्या बायका आल्या आणि घरोघर औषधाची लहान बाटली देऊन गेल्या. त्यातली एक मला म्हणाली, "हंड्याला दोन थेंब घालायचे आणि अर्ध्या तासाने पाणी प्यायचं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते याने मरतात." जंतू हा शब्द मी असा पहिल्यांदा ऐकला, मारायची वस्तू म्हणून. बाबांकडे बघून मला त्या न दिसणाऱ्या जंतूंचा इतका राग आला होता की मी दोनाचे चार थेंब घालायला लागले. प्यायच्या पाण्यात, भांड्यांच्या पाण्यात, फडकी धुवायच्या पाण्यात. घराला दवाखान्याचा वास येऊ लागला, आणि मला तो आवडायचा. वाटायचं, आता आमच्याकडे कोणी आजारी पडणार नाही.

त्याच दिवसांत आईला मोठी ऑर्डर मिळाली. बाबांच्या कंपनीतल्या एका साहेबांची बायको, मुलुंडच्या देसाईबाई, यांच्याकडे नव्या घराची वास्तुशांत होती. सकाळच्या नाश्त्याला शंभर माणसं, आणि त्यांना आंबोळ्याच हव्या होत्या. त्यांनी पैसे आगाऊ दिले. त्या पैशांतून आईने तांदूळ, डाळ, नारळ आणले, दोन मोठे टोप भाड्याने आणले, आणि उरले ते बाबांच्या औषधाला गेले. एवढी मोठी ऑर्डर नीट पार पडली तर पुढे अशाच येतील, असं आई दिवसातून दहा वेळा म्हणायची.

आणि वाटण-मळणाच्या दिवशी माझी पाळी होती. दुसरा दिवस.

आमच्याकडे तेव्हा चार दिवस बाजूला बसायची रीत होती. एका खोलीत बाजूला म्हणजे कुठे, तर मोरीला लागून असलेला कोपरा. वेगळी ताटली, वेगळी चटई. एरवी माझ्या त्या चार दिवसांत आई एकटीच मळायची. पण शंभर माणसांचं पीठ एकटीने ओढायचं आणि मळायचंही, हे तिच्या खांद्याला झेपणारं नव्हतं. तिने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "कोणाक सांगा नको. आंघोळ कर आणि हात घाल. देव बघून घेतलो." मी आंघोळ केली. आणि मनात म्हटलं, परक्यांची माणसं जेवणार, एवढ्या मोठ्या घरातली. आपल्या हातचं खाऊन एकालाही कावीळ व्हायला नको. मोरीपाशी ठेवलेल्या भिजवणाच्या पाण्यात मी सकाळीच अर्धी बाटली ओतली होती. उरलेली अर्धी वाटायच्या पाण्यात ओतली. आईला विचारलंही नाही. यात विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

सकाळी आईने झाकण काढलं. कान लावला. मग दुसऱ्या टोपाला लावला. पीठ आदल्या संध्याकाळी जिथे होतं तिथेच होतं, वरती पाण्याचा थर, रांगोळी कालवून ठेवल्यासारखं. आईने हात घालून बघितला, तोंडात घालून बघितलं. जराही आंबट नाही. "असा कसा झाला गो?" एवढंच म्हणाली. टेम्पो दाराशी उभा होता. सोडा घातला, देवाचं नाव घेतलं, आणि ती शेजारच्या मालूला मदतीला घेऊन गेली. पूजेच्या घरी मी कशी जाणार? मी मोरीपाशी बसून राहिले.

दुपारी ती परत आली तेव्हा तिच्या चपलांच्या आवाजावरूनच मला कळलं. आंबोळ्या चामड्यासारख्या झाल्या. पाहुण्यांनी एकेक तुकडा मोडून बाजूला ठेवला. शेवटी देसाईबाईंनी हॉटेलातून बटाटेवडे मागवले. त्या ओरडल्या नाहीत, हेच आईला जास्त लागलं. आगाऊ दिलेले पैसे आणि वर वड्यांचं बिल, दोन्ही आम्ही फेडू असं आई आपणहून सांगून आली.

पडवीत बायका जमल्या. मी पडद्यामागे. परबीण काकीने विचारलं, "पीठ कोणी मळल्यान?"

"चेडवान. नेहमीसारखा," आई म्हणाली.

"आणि तेका पाळी नाय मां होती?"

आईने पदराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. पण आईला खोटं बोलता यायचं नाही, आणि खरं बोलायचं बळ त्या दिवशी तिच्यात नव्हतं.

"मगे काय इचारतंस!" काकी म्हणाली. "विटाळाचो हात पडलो आणि पीठ मेला."

आज मला वाटतं, काकीचा शब्द अगदी बरोबर होता. पीठ मेलंच होतं. मारलं कोणी, एवढंच तिचं चुकलं.

पुढच्या खेपेला आईने एकटीने मळलं. बाटली तर संपलेली होती, पाणी थेट नळाचं होतं. पीठ असं फुगलं की झाकण वर उचललं गेलं. चाळीला पुरावा मिळाला. मलाही मिळाला. मी मोरीत बसून माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले होते, ते मला स्पष्ट आठवतं. हात तर तेच होते. पण आतून काहीतरी वाईट झिरपत असणार असं मला वाटायला लागलं, आणि मग फक्त त्या चार दिवसांतच नव्हे, एरवीही पिठात हात घालायची मला भीती वाटू लागली. आईही म्हणेना, ये. तिचा खांदा दुखायचा, पीठ निम्म्यावर आलं, गिऱ्हाइकं रिकामी परत जायची. देसाईबाईंचा महिन्याचा हप्ता द्यायला बाबांच्या दुधात पाणी घालावं लागायचं. आणि सकाळी आंबोळ्या घ्यायला येणाऱ्या बायका दाराशी हसत विचारायच्या, "आज कोणाचो हात?" माझे महिन्याचे दिवस सगळ्या चाळीला पाठ झाले होते. लाजऱ्या मुलीला याहून मोठी शिक्षा काय असते ते मला माहीत नाही.

चाळीच्या अगदी शेवटच्या खोलीत शीलाताई आणि तिची आई राहायच्या. दोघी घाटावरच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटात पुस्तकं. शीलाताई स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामाला होती. परबीण काकी त्यांच्याकडे चहा घ्यायची नाही, "आताच झालो" म्हणायची. शीलाताईची आई, तिला आम्ही आक्का म्हणायचो, ती ते ऐकून नुसती हसायची.

एकदा सकाळी आंबोळ्या लवकर संपल्या आणि शीलाताई उपाशीच कामाला गेली. संध्याकाळी आक्काने मला पडवीत धरलं. "काय गं पोरी, आजकाल तुमचं इतकं थोडं का असतंया? आई आजारी हाय का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग तू काय करतीस?" आणि मला एकदम रडूच आलं. त्यांच्या खोलीत बसून, शीलाताई कामावरून आल्यावर, मी सगळं सांगितलं. आयुष्यात मी सलग एवढं कोणाशी बोलले नव्हते.

आक्का ऐकून घेऊन म्हणाली, "हातानं पाणी बाटतं, हातानं पीठ मरतं! लोकांस्नी हाताचं लय भ्या. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. तिनं हात लावला तर पाणी मरंल म्हणून. मेलं का कधी पाणी?"

शीलाताईने मात्र वेगळंच विचारलं. ती पाय पसरून बसली होती, पण डोळे एकदम कामावर असल्यासारखे. "त्या दिवशी रोजच्यापेक्षा वेगळं काय केलंस? पाळी सोडून सांग. तांदूळ तेच?"

"तेच."

"डाळ? मीठ? टोप?"

"टोप भाड्याचे होते. पण घासून घेतलेले."

"पाणी?"

"पिंपातलं. औषध घातलेलं," मी म्हटलं. "कावीळ होऊ नये म्हणून. अख्खी बाटली."

शीलाताई इतकी जोरात हसली की शेजारून कोणीतरी भिंतीवर थाप मारली. "अख्खी बाटली! अगं बये, सगळ्यांना मारलंस की तू!" मग तिने मला समजावलं. पीठ आपोआप फुगत नाही. डाळीवर, तांदळावर, हातावर, हवेत बारीक जीव असतात. ते पिठातलं खातात, वाढतात आणि वारा सोडतात, त्याने पीठ वर येतं आणि आंबतं. दह्याचंही तसंच. कावीळ करणारे वेगळे आणि हे वेगळे, पण त्या औषधाला काही आपला-परका कळत नाही. थोडं घातलं तर कामाचं, बाटलीभर ओतलं तर सगळ्यांचीच वाट लागली.

मी मान हलवली. पण पटलं नव्हतं. न दिसणाऱ्या विटाळाऐवजी न दिसणारे जीव, मला दोन्ही सारखंच. शीलाताईला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. म्हणाली, "उद्या दुपारी वाटीत पीठ घेऊन ये लॅबवर. डॉक्टर जेवायला जातात तेव्हा."

मी आईला न सांगता गेले. औषधांच्या दुकानावरचा जिना, वर एक अरुंद खोली, फिनेलचा वास. शीलाताईने काचेच्या पट्टीवर पिठाचं पाणी फासलं, ते वाळवलं, वर निळा रंग टाकून धुतलं आणि पट्टी यंत्राखाली सरकवली. "एक डोळा लाव." मी लावला. मला मोठी काळी काठी दिसली. मी घाबरून म्हटलं, "एवढा मोठा जीव?" ती म्हणाली, "ती तुझी पापणी आहे गं. जरा मागे हो."

मग दिसलं. निळे निळे ठिपके. दोन दोन जोडलेले, चार चार ओळीत लागलेले, माळा झालेले. मधूनमधून मोठे अंड्यासारखे गोळे आणि एखाद्या गोळ्याला चिकटलेलं लहान पिल्लू. आमच्या एका वाटीत, एका थेंबात, पडवी भरून सांडेल एवढी वस्ती. मी डोळा काढलाच नाही. शीलाताई म्हणाली, "हे तुझ्या आईचे कामगार. पगार नको, सुट्टी नको." मग तिने माझं बोट दुसऱ्या काचेवर दाबून घेतलं आणि तीही रंगवून दाखवली. तिथेही होते. कमी, पण होते. "माझ्या हातावर?" "तुझ्या, माझ्या, डॉक्टरांच्या. डोक्यापासून पायापर्यंत. चांगला हात धुतला तरी थोडे राहतातच."

तेव्हा मी जे विचारलं ते विचारायला मला किती वेळ लागला असेल कोण जाणे. मी काचेकडे बघतच म्हटलं, "आणि पाळीत? पाळीत मरतात?"

"त्यांना कॅलेंडर कुठे कळतं?" शीलाताई म्हणाली.

मी त्या जिन्यावरून खाली आले ती वेगळीच होऊन आले. रस्त्यात फळवाल्याच्या कुजक्या केळ्यांकडे बघून थांबले, गटाराकडे बघून थांबले, दूधवाल्याच्या कॅनकडे बघून थांबले. सगळीकडे तीच वस्ती, सगळीकडे काम चाललेलं. आणि माझ्या दोन्ही हातांवरही. आता मी सत्तरीला आले, तरी दह्याला विरजण लावताना मला तो दिवस आठवतो. सुनेला वाटतं मी मंत्र पुटपुटते. मी त्या जीवांना म्हणते, या बाबांनो, जेवायला बसा.

पण मला कळून काय उपयोग होता? चाळीला कसं कळणार? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शीला शिकलेली असा, पण पीठ माज्या डोळ्यादेखत मेला." बाबा खाटेवरून म्हणाले, "मगे परत मारून दाखव म्हणा." ते थट्टेत म्हणाले, पण मला ते धरून ठेवावंसं वाटलं. मी पालिकेच्या दवाखान्यात जाऊन नवी बाटली मागून आणली आणि पुढच्या पाळीची वाट बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

त्या महिन्यातल्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी आपणहून पडवीत आले आणि परबीण काकीच्या दारात उभी राहिले. काकी निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, "काकी, माझा आज दुसरा दिवस आहे."

काकीने सूप खाली ठेवलं. "गे बाय माजे! आणि दारात इलंस?"

"दोन टोप करूया," मी म्हटलं. हे वाक्य मी सकाळपासून घोकत होते. "डाळ-तांदूळ एकच. एका टोपाला नळाचं पाणी, ते मी मळते. दुसऱ्याला त्या दिवशी घातलं होतं तसंच औषधाचं पाणी, ते तुम्ही मळा. तुमचा हात शुद्ध आहे. सकाळी बघू कोणाचं उठतं."

पडवीतल्या बायकांचे हात थांबले. मालू म्हणाली, "आवाज असा गो हिका!" काकीला माघार घेणं शक्यच नव्हतं. "माज्या हातान पीठ उठाचा नाय? अगो, माज्या हातान समुद्राच्या पाण्यात मळलंय तरी उठात!" संध्याकाळी आईने वाटण काढल्यावर ती आंघोळ करून, सोवळं नेसून आली. मी औषध तिच्यासमोर ओतलं, काही लपवलं नाही. ती नाक मुरडून म्हणाली, "वास तरी बघ मेल्याचो," आणि बांगड्या मागे सारून मळायला बसली. समोर मी माझ्या टोपात हात घातला. कितीतरी महिन्यांनी. पीठ थंड होतं, जड होतं, आणि फिरवता फिरवता हलकं होत गेलं. दोन्ही टोप आईने पडवीतच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, एका फळीवर झाकून ठेवले. आक्का पहारा करते म्हणाली, आणि तिथेच चटई टाकून झोपली.

सकाळी उघडायची गरजच पडली नाही. माझं झाकण वर चढून तिरकं झालेलं, आणि पीठ टोपाच्या काठावरून फळीवर, फळीवरून खाली उतरून पडवीतून ओघळत चाललेलं. मालूची चप्पल त्यात बुडालेली. आईने माझ्या टोपाला कान लावला, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग पदराने डोळे पुसले. म्हणाली, "जागा झाला."

काकीचं झाकण काकीनेच काढलं. पीठ जिथल्या तिथे. वर पाणी.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं माझा आनंद मला आवरणार नाही, मी उड्या मारीन. आनंद झालाच, छातीत मावत नव्हता. पण काकी त्या मेलेल्या पिठाकडे ज्या नजरेने बघत होती, ते बघून मी माझं तिरकं झालेलं झाकण उचलून खाली ठेवलं. ती आपला हात बघत होती, मी मोरीपाशी बघितला होता तसाच. मग ती पडवीच्या कठड्यावर बसली आणि कोणाला तरी, आम्हाला नव्हे, म्हणाली, "मगे आमका चाळीस वर्सां भायर बसवलानी ता कित्याक?"

कशासाठी बसवलं, असं ती पुन्हा पुटपुटली. आक्काने तिला पाणी आणून दिलं. आपल्या घरचं, आपल्या तांब्यातून. आणि परबीण काकी ते घटाघटा प्यायली.

त्या सकाळी माझ्या पिठाच्या आंबोळ्या मी स्वतः दाराशी बसून विकल्या. पहिली काकीने घेतली. जाळी अशी पडली होती की उजेडाला धरली तर आरपार दिसावं. "मीठ कमी झाला," ती म्हणाली, आणि दुसरी मागितली. रीत काही एका दिवसात मोडली नाही, कित्येक घरांत ती अजून आहे, मला माहीत आहे. पण आमच्या खोलीतली मोरीपाशची चटई त्या दिवशी आईने गुंडाळली आणि रगड्याखाली घातली, तो हलू नये म्हणून. माझे हात पुन्हा रोज पिठात गेले. पीठ दुप्पट झालं, मग तिप्पट. बाबा बरे झाले. प्यायच्या हंड्यात मी दोन थेंब घालतच राहिले, मोजून दोन, आणि आमच्या घरात पुन्हा कोणाला कावीळ झाली नाही. त्या औषधावर माझा राग कधीच नव्हता.

देसाईबाईंचा हप्ता आई दर महिन्याला नेऊन द्यायची. शेवटचा हप्ता होता त्या दिवशी म्हणाली, "तू जा." मी एकटी मुलुंडला गेले. जाताना आंबोळ्यांचा डबा नेला. बाईंनी मला ओळखलंच नाही, कधी बघितलंच नव्हतं. मी नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने शब्द पाळला हो. पण एक सांग, त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं? ती म्हणाली, हवा थंड झाली असेल."

"हवा नव्हती," मी म्हटलं. "औषध मी घातलं होतं. तुमच्याकडे कोणी आजारी पडू नये म्हणून. जास्त झालं. पिठात जे जीव असतात ते मेले. चूक माझी होती."

बाई खो खो हसल्या. डबा उघडून उभ्याउभ्याच एक आंबोळी तोडली, तोंडात घातली. चावता चावताच नोटा देव्हाऱ्याखालच्या खणात टाकल्या आणि खण कमरेने ढकलून बंद केला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता काही बाकी नाही."